पॉइंट ठेवायचे की इलेक्ट्रॉनिक बसवायचं? 1949 च्या फोर्ड 8एन ट्रॅक्टरवरून वाद

ओहायोकर
घरामागे पाच एकर गवत आहे आणि ते कापायला 1949 चा फोर्ड 8एन ट्रॅक्टर. चार सिलिंडर, पेट्रोल, 6 व्होल्टची बॅटरी, तीही उलट अर्थिंगची, म्हणजे प्लस बॉडीला. सकाळी थंड असताना सेल्फला बोट लावलं की सुरू. अर्धा-पाऊण तास काम झालं की मिसिंग मारायला लागतो, म्हणजे मधूनच ठिणगी चुकते, मग बंद. त्यानंतर वीस मिनिटं काहीही करा, उठत नाही.

गेल्या उन्हाळ्यात तीन कंडेन्सर (पॉइंट जळू नयेत म्हणून त्यांच्याजवळ बसवलेला छोटा भाग) बदलले. तिसरा नवा कोरा होता, तोही चार तासांत गेला. आता माझं मत ठाम झालंय: सीबी पॉइंट (ठिणगीसाठी कॉइलचा प्रवाह तोडणारे उघड-मिट संपर्क) आणि कंडेन्सर दोन्ही काढायचे आणि हॉल सेन्सरचं, म्हणजे तेच काम चुंबकाच्या इशाऱ्यावर करणारं इलेक्ट्रॉनिक किट बसवायचं. 'मूळ वस्तू जपा' म्हणणाऱ्यांना एवढंच सांगतो की हा ट्रॅक्टर संग्रहालयात नाही, माझ्या गवतात उभा आहे.

सांगलीचा मिस्त्री
भाऊ, थांबा जरा. आमच्याकडं जुना ट्रॅक्टर म्हणजे डिझेल, त्याला प्लगही नाही न् पॉइंटही नाही. पण जुन्या जीपा, येझदी, राजदूत यांचे पॉइंट घासण्यात माझी तीस वर्षं गेली. पॉइंट बिघडला तर सांगून बिघडतो. आधी स्टार्टिंगला त्रास, मग मिसिंग, मग झाकण काढलं की काळा डाग डोळ्यानं दिसतो. कानस फिरवली, गॅप लावला, की घरी. फिलर गेज (गॅप मोजायची पातळ पट्टी) नसंल तर व्हिजिटिंग कार्डावर गॅप लावून गाडी गावापर्यंत आणलेली माणसं मला माहीत आहेत. तुमचं ते किट शेताच्या मध्यात गेलं तर काय घासणार?

हॉल_इफेक्ट
मिस्त्री, 'घासून चालतं' हा गुण नव्हे, ती सवय आहे. पॉइंटचा फायबरचा ठोकळा कॅमवर घासून झिजतो, गॅप कमी होतो, टायमिंग, म्हणजे ठिणगीची वेळ, सरकतं. त्यात 8एनच्या डिस्ट्रिब्युटरचा (प्रत्येक सिलिंडरला ठिणगी वाटणारा भाग, पॉइंट त्यातच असतात) बुश, म्हणजे शाफ्ट ज्यात फिरतो ती नळी, सत्तर-पंचाहत्तर वर्षांत झिजलेला असणारच. शाफ्ट डगमगला की प्रत्येक सिलिंडरला गॅप वेगळा मिळतो. चुंबकाची रिंग आणि सेन्सर यांच्यात काही घासतच नाही, आणि थोडी डगमग सेन्सर पोटात घालतो.

शिवाय या मॉडेलला डिस्ट्रिब्युटर समोर, थेट कॅमशाफ्टच्या तोंडावर आहे. पुढे पंखा, त्याच्यापुढे रेडिएटर. पॉइंट बदलायचे तर अख्खा डिस्ट्रिब्युटर काढून टेबलावर न्यावा लागतो. कंपनीलाही ते जाचक वाटलं असणार, कारण 1950 मध्ये तो इंजिनाच्या बाजूला, उभा बसवला. कंपनीनं बदललं तर चालतं, मालकानं बदललं तर पाप?

सांगलीचा मिस्त्री
डगमग पोटात घालतो म्हणजे रोग झाकतो. बुश बदला की! आणि एक सांगा: वेगाचा फायदा, वेगाचा फायदा म्हणून किटवाले ओरडतात. हा ट्रॅक्टर पळतो किती? मिनिटाला 2000 फेऱ्या धरा. चार सिलिंडरला मिनिटाला 4000 ठिणग्या. दोन ठिणग्यांमध्ये 15 मिलिसेकंद. तेवढ्यात कॉइल (बॅटरीच्या व्होल्टेजमधून ठिणगीचा मोठा दाब तयार करणारा भाग) आरामात भरते. रेसच्या गाडीचं औषध बैलाला कशाला?

कॉव्हेंट्रीची वहिनी
मी मधली बोलते, कारण माझ्याकडे या ट्रॅक्टरचा चुलतभाऊ आहे: 1950 चा फर्ग्युसन टीई20, आमच्या कॉव्हेंट्रीतल्याच बॅनर लेनच्या कारखान्यातला. (फोर्ड आणि फर्ग्युसन आधी हातमिळवणीवर भागीदार, मग कोर्टात, तुमचं भांडण त्या मानाने घरगुती आहे.)

मी इलेक्ट्रॉनिक बसवलंय आणि खूश आहे. पण माझी बॅटरी 12 व्होल्टची आहे. 6 व्होल्टवर खरी अडचण सेल्फ मारताना येते. सेल्फ बॅटरीचा जीव ओढून घेतो, व्होल्टेज पाचाच्या खाली जाऊ शकतं, आणि किट नेमकं तेव्हाच मुकं होतं. पॉइंटला व्होल्टेज कमी असल्याचं सोयरसुतक नसतं, ठिणगी मंद का होईना, पडते. दुसरं, किल्ली चालू ठेवून चहाला गेलात तर काही किटं जळतात. तिसरं, उलट अर्थिंगसाठी वेगळं किट लागतं. चुकीचं जोडलंत तर पैसे धुरात.

हॉल_इफेक्ट
किल्ली चालू राहिली आणि पॉइंट मिटलेले असले तर कॉइल जळतेच की, वहिनी. तो दोष एकट्या किटचा नाही. 6 व्होल्टच्या अडचणीचं मान्य, पण ती निम्मी तरी बारीक केबलची असते. 12 व्होल्टच्या गाडीची केबल 6 व्होल्टला लावतात, तिथं जाडजूड लागते.

सांगलीचा मिस्त्री
ओहायोकर, वाद राहू द्या. तीन कंडेन्सर बदलले, कॉइल एकदा तरी बदलली का? बंद पडल्या पडल्या कॉइलला हात लावून बघा. भाजली तर मला सांगा.

ओहायोकर
शनिवारी लावला. हात टेकवेना. डिस्ट्रिब्युटरच्या डोक्यावरच ती चौकोनी कॉइल बसते, म्हणून मी समजत होतो की इंजिनाची उष्णता असेल.

सांगलीचा मिस्त्री
कॉइलच्या आधी तिचा प्रवाह कमी करणारा रेझिस्टर असतो ना? डॅशमागं?

ओहायोकर
आहे. म्हणजे जागेवर आहे. पण दोन्ही टोकांवरून कुणीतरी तांब्याची तार बांधून टाकलीय. आधीच्या मालकानं 'स्टार्टिंग सुधारावं' म्हणून केलं असावं. म्हणजे इतके दिवस कॉइलला पूर्ण दाब जात होता आणि मी कंडेन्सरवर राग काढत होतो.

हॉल_इफेक्ट
त्या तारेसकट किट बसवलं असतं तर किटही गेलं असतं, हे प्रामाणिकपणे सांगतो. किट लावायच्या आधी कॉइलचे ओहम, म्हणजे तिचा विरोध, मोजावे लागतात, तेव्हा कदाचित सापडलंही असतं. कदाचित. पण बुशचं माझं म्हणणं मी सोडत नाही.

कॉव्हेंट्रीची वहिनी
डिस्ट्रिब्युटर काढलात तर परत बसवताना कॅमशाफ्टच्या खाचेत बसणारी त्याची जीभ बघा. ती मधोमध नसते, एका बाजूला सरकलेली असते, म्हणजे एकाच तऱ्हेने बसते. जुळत नसताना बोल्ट आवळून ओढलात तर बोल्टाच्या भोकाचा कान तुटतो. शेजारच्याचा तुटलाय.

ओहायोकर
कालचा हिशोब: तार कापली, नवी 6 व्होल्टची कॉइल, जाड केबल, पॉइंटचा गॅप 15 हजारांश इंचावर. शाफ्ट हलवून पाहिला, हलतोय, पण थोडाच. दोन तास सलग गवत कापलं, एकदाही बंद नाही. किट मागवलेलं होतं, ते खोक्यात आहे. हॉल_इफेक्ट, बुश हिवाळ्यात बदलेन, तेव्हा ते खोकं परत उघडायचं की नाही यावर तुम्ही आणि मिस्त्री पुन्हा भांडा. मला सध्या पूर्वेकडचा एक एकर उरलाय.