‘हाताची आठवण’ म्हणता येतं का?

निपाणीकर: वयस्करांच्या विसरण्यावरचं एक कन्नड पत्रक मराठीत करतेय. ‘नेनपिन शक्ती’ला ‘स्मरणशक्ती’ लिहिलं, पुढं अडले. मजकूर असा, की नावं विसरली तरी हातानं शिकलेलं टिकतं. मी ‘हाताची आठवण’ लिहिलं. घरच्यांनी खोडलं: हाताला सवय असते, आठवण माणसाला येते. आमची आजी सकाळी चहा घेतलेला विसरते, मला आत्याच्या नावानं हाक मारते. पण सूप मांडीवर दिलं की विडी पहिल्यासारखीच वळते. ही नुसती सवय?

शहापूर, बेळगाव: नुसती नव्हे. हेन्री मोलायसन या अमेरिकन माणसाचा मेंदूतला दोन्ही बाजूंचा हिप्पोकॅम्पस, म्हणजे नव्या आठवणी घडवणारा भाग, १९५३ साली शस्त्रक्रियेत बराचसा काढला. नवं काही ध्यानात राहीना. पण आरशात बघून चांदणी गिरवायला दिली तर हात दिवसागणिक सुधारला; आदल्या दिवशी गिरवलेलं मात्र आठवेना. स्मृती एका प्रकारची नसते. सरळ ‘हाताची स्मृती’ लिहा.

खानापूरकर: ‘तर्कसंग्रह’ हा न्यायशास्त्राचा ग्रंथ लिहिणाऱ्या अन्नंभट्टाची व्याख्या बघा: ‘संस्कारमात्रजन्यं ज्ञानं स्मृतिः’. मागं उरतो तो संस्कार, त्यातून उगवतं ते ज्ञान म्हणजे स्मृती. आजींच्या हातात संस्कार आहे. शब्द आयता असताना नवा कशाला?

निपाणीकर: ‘हातावरचे संस्कार’ वाचून लोकांना शुभंकरोती आठवेल हो.

चिक्कोडी: मेमरी लिहा. सगळ्यांना कळतं.

खानापूरकर: कळतं, पण मेमरी म्हटलं की मोबाईलमधला साठा डोळ्यापुढं येतो. मराठीत ‘मला आठवतं’. आठवण आपल्याकडं येते, न आली तर ओढून आणता येत नाही. ठेवायचं ते ‘लक्षात’ नाहीतर ‘ध्यानात’. हा भेद मेमरीत बुडतो, म्हणून माझा विरोध.

संकेश्वर: कन्नडात ‘नेने’ म्हणजे आठवणे आणि भिजणेही. आमची आई तांदळाला ‘नेनसु’ म्हणायची, देवालाही ‘नेनसु’. आठवणही अशीच रात्रभर मुरते, शब्द त्यातूनच आला असणार.

शहापूर, बेळगाव: नाही, धातू दोन आहेत. तमिळमध्ये अजून वेगळे दिसतात: निनै म्हणजे आठवणे, ननै म्हणजे भिजणे. कन्नडात त्यांचा उच्चार एक झाला.

संकेश्वर: असतील दोन. आईच्या तोंडी एकच होता, आणि मी तो तसाच वापरणार.

निपाणीकर: पत्रक सोमवारी छापायला जातंय. ‘हाताची आठवण’ ठेवू की खोडू?

संकेश्वर: आधी हे सांगा, आजी वळताना ओव्या म्हणतात का? आमच्या आजीला शेवटी शेवटी पोरंसुद्धा ओळखू येईनात, पण जात्यावरच्या ओवीतला शब्द कधी चुकला नाही.