साधं राहायचंय, पण सुरुवात नेमकी कुठून करू?

नमस्कार मंडळी. बरीच वर्षं नुसती वाचत होते, धागा पहिल्यांदाच काढतेय. थोडं लांबलं तर सांभाळून घ्या.

आम्ही डोंबिवलीत राहतो. मी, नवरा, तिसरीतली लेक आणि सासूबाई. दोघांचा मिळून हातात येणारा पगार १ लाख ३५ हजार. मग रडतेस कशाला, असं कुणी म्हणेल. मलाही तेच कळेना, म्हणून मांडतेय. घराचा हप्ता ४४ हजार, गाडीचा ९,८००, शाळा आणि स्कूलबस साडेअकरा हजार, माझ्या आईबाबांना ८ हजार. त्याला हात लावायचा नाही. किराणा, दूध-भाजी, वीज, सोसायटी, विमा, पोळ्यांच्या आणि धुण्याभांड्यांच्या मावशी धरून ३२ हजार. क्रेडिट कार्डाला १२ हजार. मोबाइल, वायफाय आणि टीव्हीवरच्या वर्गण्या १,७००.

आणि मग लाज वाटायला लावणारा आकडा. तीन महिन्यांचं यूपीआयचं स्टेटमेंट काढलं. बाहेरून मागवलेलं जेवण आणि दहा मिनिटांत दारात येणारं सामान, महिन्याची सरासरी १४,३८०. एकदा तर नुसती कोथिंबीर मागवलीय. जुडी २५ रुपयांची, वर आणून देण्याचे ३९. खाली कोपऱ्यावर भाजीवाला बसतो हो!

शेवटी उरतात सोळाशे. लोकलचे पास, पेट्रोल, औषधं हे सगळं मग कार्डावर. कार्डाची थकबाकी ८६ हजार आहे आणि ती काही केल्या हलत नाही.

दिवाळीत माहेरी माळा आवरताना आईची १९९६ ची हिशेबाची वही सापडली. तारीखवार, बारीक अक्षरात. 'रिक्षा १० रु. (नाइलाज).' 'लोणी कढवलं, तूप पाऊण किलो निघालं.' 'दादाचे बूट पुढच्या महिन्यात.' पान उलटलं तर पुढच्या महिन्यातही तेच वाक्य. तो 'नाइलाज' डोक्यातून जात नाहीये. माझ्या स्टेटमेंटमधल्या किती ओळींपुढे मी तो लिहू शकेन?

तर मदत हवी आहे. आधी वही की आधी कार्ड? घरातल्यांना हे दारिद्र्य वाटू न देता कसं जमवायचं? नवऱ्याने 'कवडीचुंबक' ही पदवी आधीच बहाल केली आहे. 'बाहेरची कॉफी सोडा' छापाचे सल्ले कृपया नकोत. मी चहा पिते, तोही घरचा.

प्रतिसाद १

बँकेतून निवृत्त झालोय, म्हणून रोखठोक लिहितो. आधी कार्ड. बहुतेक कार्डांवर महिन्याला साडेतीन टक्क्यांच्या आसपास व्याज लागतं, म्हणजे वर्षाला ४२ टक्के. ८६ हजारांवर महिना तीन हजार नुसतं व्याज, त्यावर १८ टक्के जीएसटी वेगळा. शिवाय पूर्ण बिल भरलं नाही की नव्या खरेदीची बिनव्याजी मुदतही जाते. तुमच्या लोकलच्या पासावरसुद्धा पहिल्या दिवसापासून व्याज चढतंय. म्हणून थकबाकी हलत नाही. कुठे मुदत ठेव आहे का?

धागाकर्ती

आहे, दीड लाखाची, साडेसहा टक्क्यांनी. पण ती लेकीच्या बारशापासून वाढदिवसांना आलेल्या पैशांची. मोडवत नाही.

प्रतिसाद १

मोडा. मुदतीआधी मोडली म्हणून व्याजात अर्धा-एक टक्का कापतील, कापू द्या. साडेसहा मिळावेत म्हणून तुम्ही ४२ देताय. कार्डाचे १२ हजार सुटले की त्यातून पास-पेट्रोल रोखीने भागवा आणि उरतील ते लेकीच्या नावाने रिकरिंगला लावा. तिचं तिला परत मिळेल. कार्ड मात्र पाकिटातून काढून सासूबाईंच्या कपाटात ठेवा. फोनमधल्या अ‍ॅप्सनी साठवून ठेवलंय तिथूनही काढा, ते लोक विसरतात.

प्रतिसाद २

काटकसर म्हटलं की पहिली कुऱ्हाड मावशींवर पडते, ती पाडू नकोस गं. पोळ्या तयार असतात त्या दिवशी कुणी पनीर मागवत नाही. मला सांग, मागवलेल्या जेवणांचे वार कोणते?

धागाकर्ती

काकू, आत्ता बसून काढले. ३७ पैकी २२ वेळा मंगळवार नाहीतर गुरुवार. त्या दिवशी ऑफिसात उशीर होतो, घरी पोचायला साडेआठ-पावणेनऊ. सासूबाईंना गुडघ्यांमुळे ओट्यापाशी फार वेळ उभं राहवत नाही आणि मावशी त्याच दोन दिवशी सुट्टी घेतात.

प्रतिसाद २

म्हणजे उधळपट्टी नाही, दोन संध्याकाळी अडतात एवढंच. रविवारी तांदूळ आणि मूगडाळ कोरडीच भाजून ठेव. गार झाली की हळद, हिंग, जिरं, मीठ घालून मापाने दोन डब्यांत भर. त्या दिवशी सासूबाईंनी फक्त धुऊन... नाही, थांब, मीठ-मसाला धुऊन जाईल. तांदूळ-डाळ आधी धुऊन कापडावर वाळव, मग भाज. त्यांनी पाणी आणि तुपाचा चमचा घालून कुकर लावायचा. सोबत पापड, लोणचं. भाजणीचा डबाही भरलेला असू दे.

वर्षाचं धान्य भरायच्या फंदात मात्र यंदा पडू नकोस. डाळींना एरंडेल चोळायला आणि गहू उन्हात घालायला गच्ची लागते, वेळ लागतो. पोरकिडे झाले की वाचवलेलं सगळं बाराच्या भावात. तीन महिन्यांचं भर, पुष्कळ झालं.

प्रतिसाद ३

गाडी विका. (हलकं घ्या, पण विका.) डोंबिवलीत ती महिन्यातून किती दिवस हलते?

धागाकर्ती

चार रविवार आणि एखादं लग्न. पण तो विषय घरात काढला तर धागा मला फुटपाथवर बसून लिहावा लागेल. तूर्तास हा हप्ता संपल्यावर नवी घ्यायची नाही असा ठराव झालाय. ठराव माझा एकटीचा आहे.

धागाकर्ती (तीन आठवड्यांनी)

ठेव मोडली. बँकेच्या पायऱ्या उतरताना डोळ्यांत पाणी आलं, पण कार्ड शून्यावर आहे आणि सासूबाईंच्या कपाटात साड्यांखाली आहे. मंगळवार-गुरुवारची खिचडी चालू झाली. नवरा दोनदा काही बोलला नाही, तिसऱ्यांदा म्हणाला, तूप वाढ. ही परवानगीच समजतेय.

वही रात्री जेवणानंतर लेक लिहिते, आम्ही सांगतो. आजीच्या वहीतला शब्द तिला इतका आवडलाय की ती तो सगळ्यालाच लावते. 'पिझ्झा ४५० (नाइलाज).' 'चमकीचं पेन २० (नाइलाज).' खोडायला सांगितलं नाही. फर्स्ट क्लासचा पास मी सोडणार नाहीये, त्यापुढे माझा नाइलाज मीच लिहिलाय.

आता पुढचं. मे महिन्यात चुलत दिराचं लग्न आहे आणि सासूबाईंच्या मते मानाच्या अकरा साड्या लागतील. कपाटात आहेराच्या सात कोऱ्या पडून आहेत, त्याच द्याव्यात असं मनात आहे. पण कोणती कुणाकडून आली हे लिहून ठेवलेलं नाही. गेल्या वेळी एक साडी जिची तिच्याच ओटीत परत गेली होती आणि तिने काठ ओळखला होता. याला कुणाकडे काही उपाय?