बाळाने मध चाटला, त्यानंतरचे दिवस : तुमचे अनुभव लिहा

मुलगी साडेपाच महिन्यांची असताना तिला खोकला झाला. मी आंघोळीला गेले होते. बाहेर येऊन पाहते तर सासूबाई तिच्या जिभेला बोट लावतायत, वाटीत मधात कालवलेलं सितोपलादी चूर्ण. वर्षाच्या आतल्या बाळाला मध देऊ नये, त्यातून गंभीर आजार होऊ शकतो, हे मला माहीत होतं. मी बाळाला त्यांच्या मांडीवरून ओढूनच घेतलं. काय बोलले ते सगळं आठवत नाही, पण त्यांचा चेहरा पडलेला आठवतो.

ओल्या फडक्याने तिची जीभ पुसली. ओकारी काढावी असंही मनात आलं होतं, डॉक्टरांनी फोनवर तसं काही करू नका म्हणून बजावलं. एवढ्याशा मधाने बहुतेक बाळांना काही होत नाही, पण महिनाभर लक्ष ठेवा, म्हणाल्या. शी अडली, दूध ओढायचा जोर कमी झाला, रडणं बारीक झालं, पापण्या मिटायला लागल्या किंवा धरलेली मान सैल पडली, तर रात्र असली तरी बाळाला घेऊन या.

अंगावर पिणारं मूल एरवीही चार-चार दिवस शी करत नाही, हे मला माहीत होतं. तरी तिसऱ्या दिवशी माझे हातपाय गळाले. रात्री उठून तिला मुद्दाम रडवायचे, आवाज तोच आहे ना ऐकायला. तीस दिवस कॅलेंडरवर खुणा केल्या. तिला काही झालं नाही.

ज्यांच्यावर अशी वेळ आली त्यांनी लिहा. मधाचंच असं नाही, दुसरं काही असलं तरी.

नाशिक, दोन मुलांची आई

आमच्याकडे जन्मल्याबरोबर सोन्याच्या अंगठीने मध चाटवतात. ते मी टाळलं आणि निर्धास्त झाले. न्हाऊ घालायला येणाऱ्या मावशी गुटी द्यायच्या : वेखंड, मुरुडशेंग, हळकुंड, जायफळ, खारीक, बदाम, सहाणेवर एकेक वळसा. मला वाटायचं अंगावरच्या दुधात उगाळतात. विसाव्या दिवशी कळलं, दुधाबरोबर मधाचे दोन थेंबही असायचे, रोज.

त्यातून जायफळाचा वळसा जास्त पडला की मूल गुंगतं. त्या दिवशी तो चार तास उठला नाही, आणि हे जायफळ की दुसरं काही, कसं ओळखायचं? सरळ दवाखाना गाठला. डॉक्टरांनी त्याला जागं करून पाजायला लावलं, हातपाय हलवून पाहिले, संध्याकाळपर्यंत ठेवून घेतलं. घरी आल्यावर गुटी बंद केली. मावशी मालिशला मात्र येत राहिल्या, त्यांच्या हातात माया होती.

बालरोग विभागात काम करणारी परिचारिका

घरच्यांना समजावताना मी सांगते ते इथे लिहिते. मधात क्लोस्ट्रिडियम बोट्युलिनम या जंतूचे बीजाणू असू शकतात. मोठ्यांच्या आतड्यातले इतर जंतू त्यांना रुजू देत नाहीत. वर्षाच्या आतल्या बाळाच्या आतड्यात ते रुजू शकतात आणि मग विष तयार करतात, ते नसांवर परिणाम करतं आणि स्नायू ढिले पडतात. हा आजार वेगळा म्हणून ओळखला गेला 1976 मध्ये, अमेरिकेत. त्याआधीच्या आज्यांना हे कळणार तरी कुठून?

घरचा, रानातला, शुद्ध, उकळलेला, कुठलाही मध असो, बीजाणू उकळूनही मरत नाहीत. आणि ज्या आया रडत विचारतात, ‘माझ्यामुळे झालं का?’, त्यांच्यासाठी : हे बीजाणू माती-धुळीतही असतात, मध कधीच न चाटलेल्या बाळांनाही हा आजार होतो. आजार दुर्मीळ आहे. वेळेवर उपचार मिळाले तर मुलं सहसा पूर्ण बरी होतात, वेळ मात्र लागतो.

न्यू जर्सी

आई सांगलीहून आली होती. तिने हौसेने नाचणीची बिस्किटं केली, साखर नको म्हणून मध घातला. लेक नऊ महिन्यांची, अर्धं बिस्किट चघळून झालेलं. मला वाटलं, भाजलंय म्हणजे चालेल. दवाखान्यातल्या नर्सने सांगितलं, घरच्या ओव्हनची उष्णता पुरत नाही. आईने उरलेली बिस्किटं तेव्हाच टाकून दिली आणि दोन दिवस स्वयंपाकघरात पाऊल ठेवलं नाही. मला लेकीपेक्षा तिलाच जास्त सांभाळावं लागलं.

एक बाळंतीण

मीच मध खाल्ला होता, लिंबूपाण्यातून. आठवडाभर पाजताना भीती. डॉक्टर म्हणाले, आईने खाल्लेल्या मधातले बीजाणू दुधात उतरत नाहीत. कुणाला ही शंका असेल म्हणून लिहिलं.

पुणे, वडील

आमचं मधाचं नाही, शेंगदाण्याचं. मुलगा चौदा महिन्यांचा, चिवड्यातला खाली पडलेला दाणा तोंडात घातला. ठसका लागला, लालबुंद झाला, मग शांत. आम्हाला वाटलं गिळला. नंतर खोकला राहिला तो राहिलाच. दोनदा औषध झालं. तिसऱ्या वेळी डॉक्टरांनी छातीच्या दोन्ही बाजू नीट ऐकल्या आणि विचारलं, ‘ठसका लागला होता का कधी?’ एक्स-रेमध्ये दाणा दिसत नाही. भूल देऊन दुर्बिणीने काढला. पहिल्या दिवशीच ठसक्याचं सांगितलं असतं तर दहा दिवस वाचले असते. मी सांगितलं नाही, कारण दाणा माझ्या हातून सांडला होता.

सोलापूर, आजी

मी मध चाटवणारी आजी. चार मुलं वाढवली, चौघांना चाटवला. नातवाच्या वेळी सून ओरडली आणि मी देवघरात जाऊन बसले. वाटलं, मी काय त्याच्या जिवावर उठले होते? दुसऱ्या दिवशी मुलगा मला सोबत घेऊन डॉक्टरांकडे गेला. त्यांनी सुनेशी नाही, माझ्याशी बोलून सगळं समजावलं. आधीच कुणी असं सांगितलं असतं तर मी बोट लावलंच नसतं. आता मधाची बाटली वरच्या फळीवर आहे.

मी, धागा काढणारी

आजींचं लिहिलेलं सासूबाईंना वाचून दाखवलं. त्या म्हणाल्या, ‘मलाही त्या दिवशी रात्रभर झोप नव्हती. तू उठून बघायचीस ना, मी जागीच असायचे.’ महिनाभर आम्ही दोघी एकाच बाळासाठी जागत होतो, वेगवेगळ्या खोल्यांत. त्यांची माफी मागायची राहिली होती, ती आज मागितली.