अँटिऑक्सिडंटच्या गोळ्यांनी त्वचा खरोखर सुधारते का?

प्रश्न: माझे वय २२ आहे. त्वचा निस्तेज दिसते म्हणून मी तीन आठवड्यांपासून रोज क जीवनसत्त्वाची १००० मिलिग्रॅमची गोळी घेत आहे, परंतु फरक जाणवत नाही. मात्रा वाढवावी, की आहारातच काही कमी पडत असेल?

प्रतिसाद १: मात्रा वाढवू नये. त्वचेला बळकटी देणाऱ्या कोलॅजन या प्रथिनाची जडणघडण करणाऱ्या विकरांना (एन्झाइम्सना) क जीवनसत्त्व लागते, आणि पेशींना इजा करणाऱ्या मुक्त मूलकांना (फ्री रॅडिकल्सना) निष्प्रभ करताना, म्हणजे अँटिऑक्सिडंटचे काम करताना, खर्ची पडलेले ई जीवनसत्त्व पुन्हा कार्यक्षम करण्यातही त्याचा वाटा असतो, हे खरे. परंतु तरुण स्त्रीची रोजची गरज १०० मिलिग्रॅमच्या आतच असते आणि जास्तीचे बरेचसे मूत्रावाटे निघून जाते. शिवाय बाह्यत्वचा नवी होण्यासच साधारण महिना लागतो, त्यामुळे तीन आठवड्यांत निकाल लावणे घाईचे ठरेल.

प्रतिसाद २: मला मात्र लोहाच्या कमतरतेची शंका येते. मासिक पाळीत रक्तस्राव अधिक होत असेल, तर हिमोग्लोबिनसोबत फेरिटिनही (शरीरातील लोहाचा साठा दाखवणारे प्रथिन) तपासून घ्यावे, कारण हिमोग्लोबिन सामान्य असतानाही लोहाचा साठा घटलेला असू शकतो. लिंबूवर्गीय फळे जेवणासोबत घेतल्यास वनस्पतिजन्य लोह अधिक शोषले जाते. चहा-कॉफीने उलट परिणाम होतो.

प्रतिसाद ३: अ जीवनसत्त्वाच्या जादा मात्रेच्या गोळ्या मनाने घेऊ नका, गर्भधारणेत त्या बाळाला अपायकारक ठरतात. आणि सनस्क्रीनची जागा कोणतेही अँटिऑक्सिडंट घेत नाही.

प्रश्नकर्ती: पाळीचा मुद्दा माझ्या लक्षातच आला नव्हता. फेरिटिन तपासून घेते.