एनिमी, रायव्हल, ऑपोनंट... नक्की कोणाला काय म्हणायचं?

मेलकरी
मंडळी एक शंका आहे, हसू नका (ऑफिसात हसून झालंय). परवा साहेबांना मेल लिहिला की आपल्या जुन्या गिऱ्हाईकाला दुसऱ्या एका कंपनीने कमी दराचं कोटेशन दिलंय, आणि त्या कंपनीला मी सरळ 'अवर एनिमी कंपनी' लिहून मोकळा झालो. साहेबांनी तो मेल मीटिंगमधे वाचून दाखवला, तेव्हापासून जो तो विचारतो काय रे, युद्ध कधी सुरू होतंय. मी मराठी माध्यमातला, शाळेत शत्रू म्हणजे एनिमी एवढंच पाठ केलेलं. आता डिक्शनरी उघडली तर फो, ॲडव्हर्सरी, रायव्हल, ऑपोनंट, अँटॅगोनिस्ट, नेमेसिस अशी रांगच, आणि सगळ्यांपुढे अर्थ तेच दोन-तीन फिरून फिरून. फरक लक्षात कसा ठेवायचा?

अर्धाकप
तुमच्या मेलात 'कॉम्पिटिटर' हवं होतं, विषय संपला. रायव्हलही चाललं असतं. एनिमी म्हटलं की त्याला आपलं वाईट करायचंय, असा वास येतो. ऑपोनंट म्हणजे समोरचा, आज कबड्डीत पलीकडच्या अर्ध्यात उभा असलेला, शिट्टी वाजली की संपलं. अजून एक, एखाद्या योजनेचा किंवा कायद्याचा विरोधक असेल तरी ऑपोनंटच म्हणतात, तिथे रायव्हल चालत नाही कारण माणूस योजनेशी स्पर्धा करत नाही. फो आता बोलण्यात कोणी वापरत नाही, पेपरवाल्यांना मथळ्यात जागा कमी म्हणून आवडतो, आणि 'फ्रेंड ऑर फो' या जोडीत तो टिकलाय.

पाटकरी
रायव्हलची गंमत सांगतो. लॅटिनमधे रीवुस म्हणजे ओढा, आणि रिवालिस म्हणजे एकाच ओढ्याचं पाणी वापरणारे. आमच्याकडे पाटाला पाणी सुटलं की बांधाला बांध लागून असलेले दोघे रात्री बॅटरी घेऊन एकमेकांवर नजर ठेवतात, कोणी दुसऱ्याच्या पाळीत दारं फोडलं तर झालंच मग. पण तोच माणूस सकाळी चहाला येतो आणि लग्नात आहेराच्या यादीतही असतो. हा झाला रायव्हल. दोघांना एकच गोष्ट पाहिजे आणि ती पुरत नाही, एवढंच. दुसऱ्या तालुक्यातल्या माणसाशी आमचं कसलं आलंय वैर, त्याचा पाटच वेगळा. तुमचं गिऱ्हाईक म्हणजे तो ओढा समजा.

काळाकोट
व्वा पाटकरी. यात कोर्टातलं घालतो. इंग्रजांकडून आलेल्या आपल्या पद्धतीला ॲडव्हर्सरीवरूनच 'ॲडव्हर्सेरियल' म्हणतात, दोन बाजू एकमेकींविरुद्ध झगडणार आणि न्यायाधीश मधे बसून ऐकणार. आणि एवढं करून समोरच्या वकिलाला म्हणायचं काय, तर 'माय लर्नेड फ्रेंड'! ज्या दिवशी जास्त गोडीने म्हणतील त्या दिवशी समजायचं की आज सोलणार. ट्रेडमार्कच्या अर्जाला जो हरकत घेतो त्याला कायद्यातच ऑपोनंट म्हणतात. ग्राहक कोर्टाच्या मराठी निकालात 'तक्रारदार' विरुद्ध 'सामनेवाले', मला हा सामनेवाले शब्द फार आवडतो, ऑपोनंटला इतका चपखल दुसरा नाही.
एनिमी मात्र कायद्यात खराखुरा आहे. १९६८ चा एनिमी प्रॉपर्टी ॲक्ट, म्हणजे शत्रू संपत्ती. जे लोक पाकिस्तान किंवा चीनचे नागरिक झाले त्यांची इथली मालमत्ता सरकारच्या कस्टोडियनकडे (म्हणजे ताबा सांभाळणाऱ्या अधिकाऱ्याकडे) जाते, त्याचं एक ऑफिस आपल्या मुंबईतही आहे. २०१७ च्या दुरुस्तीनंतर तर वारस भारतीय नागरिक असला तरी त्याला ती मिळत नाही. इथे कोणी कोणाचा द्वेष करतो का हा प्रश्नच नाही, सरकारने ठरवलं की एनिमी. लॅटिनमधे यासाठी दोन वेगळे शब्द होते, खाजगी वैऱ्याला इनिमिकुस (मुळात 'मित्र नसलेला') आणि राष्ट्राच्या शत्रूला होस्तिस. पहिल्यातून एनिमी आला, दुसऱ्यातून होस्टाइल, आणि आता दोन्ही कामं बिचाऱ्या एनिमीच्याच गळ्यात.

गल्लीक्रिकेट
नेमेसिस राहिला की! ही ग्रीकांची देवी, माजलेल्याला त्याच्या कर्माचं फळ देणारी. म्हणून साध्या प्रतिस्पर्ध्याला नेमेसिस म्हणणं चूक, ज्याच्यापुढे आपलं काही चालतच नाही तो. ऑस्ट्रेलियाच्या बोलर मॅकग्राने इंग्लंडच्या बॅट्समन आथर्टनला टेस्टमधे १९ वेळा काढलं, म्हणजे मॅकग्रा आथर्टनचा नेमेसिस, उलट नाही, आथर्टनला क्रिकेटच्या भाषेत मॅकग्राचा 'बनी' म्हणायचं. टेनिसमधले फेडरर-नदाल मात्र रायव्हल, ४० मॅचेस, त्यात नदाल २४ फेडरर १६, दोघंही मारत होते.

अर्धाकप
अँटॅगोनिस्ट नाटक-सिनेमात नायकाच्या आड येणारा, तो दुष्टच असेल असं नाही. औषधांतही असतो, दुसऱ्या औषधाचा परिणाम अडवणारा, ओपिऑइडचा (अफूच्या जातीच्या औषधाचा) ओव्हरडोस झाला की देतात ते नॅलोक्सोन अँटॅगोनिस्टच, तिथे तर तो जीव वाचवतो. आणि जाता जाता, 'आर्चएनिमी' म्हणा, 'आर्कएनिमी' नाही. आर्केंजलमधे क येतो म्हणून लोक इथेही घुसवतात.

पाटकरी
ते सगळं ठीक, पण भाऊबंदाला इंग्रजीत काय म्हणायचं? म्हणजे दिवाळीला फराळ पाठवणारा आणि कोर्टात तारखेला पण येणारा.

काळाकोट
याला शब्द नाही. त्यांनी फ्रेंड आणि एनिमी जोडून 'फ्रेनिमी' केलाय पण त्यात सात-बारा कुठे आहे?

मेलकरी
धन्यवाद सगळ्यांना, धागा प्रिंट काढून टेबलावर ठेवलाय. 'कॉम्पिटिटर' लिहून मेल परत पाठवला. ऑर्डर काल त्यांनाच गेली.