हिरव्या गोळीचा कट!

एक्सकेसीडी या इंग्रजी वेब-व्यंगचित्रमालिकेतल्या एका चित्रकथेचा कुणीतरी लावलेला ‘यातले शास्त्रज्ञ कंपन्यांना विकले गेलेत’ हा अर्थ वाचून चहा नाकात गेला. २०११ मधल्या त्या चित्रकथेत बिचारे शास्त्रज्ञ हातातला गेम सोडून, कुरकुरत, जेली बीन या गोड गोळ्यांमुळे मुरुमं येतात का, हे २० रंग एकेक करून तपासतात. १९ कोरे जातात, हिरव्याचा तेवढा मुरुमांशी संबंध निघतो. कट कसला डोंबलाचा! खरा संबंध मुळीच नसला, तरी ५ टक्क्यांच्या निकषावर (म्हणजे एका चाचणीत निव्वळ योगायोगाने संबंध दिसायची ५ टक्के मुभा) विसांत एकदा तरी फसायची शक्यता ६४ टक्के भरते. म्हणून अशा वेळी निकष २० ने भागून ०.००२५, म्हणजे ०.२५ टक्के, करतात.

बाकी, चित्रावर माउस नेऊन पाहिलात का कुणी? हिरव्याची चाचणी परत केली, काहीच सापडलं नाही, असं सांगणाऱ्याला मध्येच तोडून मथळा झळकतो: हिरव्या गोळ्यांबाबत संशोधनात विसंगती, आणखी अभ्यास हवा!