पीडब्ल्यूएचटीनंतर वेल्डची चार्पी घसरली, एचएझेड मात्र ठीक

मकरपुरा_फॅब: मंडळी, प्रेशर व्हेसलची ३८ मिमी एसए ५१६ ग्रेड ७० पोलादी प्लेट, हाताने वेल्डिंग, रॉड ई७०१८-१. चार्पीत (तुकडा फटक्याने तोडायला लागणारी ऊर्जा) उणे ४६ अंशांना सरासरी २७ जूल हवेत. भट्टीत न घालता तोडलेले वेल्डचे तुकडे ६८, ७४, ७१. पीडब्ल्यूएचटी, म्हणजे वेल्डिंगनंतर भट्टीत तापवणं, ६२० अंशांवर दीड तास केल्यावर २९, १७, २२. एचएझेड (वेल्डलगत उष्णतेने बदललेला प्लेटचा भाग) उलट सुधारला. बडोद्यात दोन लॅबमध्ये तपासलं, तेच आलं. चुकतंय कुठे?

टेंपर_कलर: लॅबला दोष नाही. एचएझेडमधली कडक रचना भट्टीत टेंपर होते, म्हणजे तापून मऊ पडते, म्हणून तो सुधारतो. वेल्ड मेटलचं भांडवल म्हणजे बारीक सुयांसारखा फेराइट. भट्टीत कणांच्या सीमांवर कार्बाइड जमून जाड होतात आणि तिथूनच तडा धावतो. प्लेटमधून नायोबियम-व्हॅनेडियम मिसळलं असेल तर आणखी ठिसूळ. आणि ई७०१८-१चे २७ जूल हे वेल्ड केल्या अवस्थेतले. भट्टीनंतरची हमी त्यात नाही. रॉड घेताना पीडब्ल्यूएचटी करून काढलेलं बॅच सर्टिफिकेट मागा.

बीड_ऑन_प्लेट: ६२० कशाला? या मटेरियलला कोडची (व्हेसल बांधणीच्या नियमांची) किमान मर्यादा ५९५ आहे. लार्सन-मिलर (तापमान आणि वेळ मिळून एक आकडा, मोठा तितका परिणाम जास्त) लावून बघा: ६२०ला दीड तास म्हणजे १८.०, तीन तास केले तर १८.३, पण ६४०ला दीड तासच १८.४! म्हणजे भट्टी २० अंश वर गेली तर दुप्पट वेळेपेक्षा जास्त नुकसान. ६०५ धरा, आणि थर्मोकपल (तापमान मोजणारी तार) जॉबला चिकटवा, भट्टीच्या हवेत लोंबकळत ठेवू नका.

बाकी, रॉड रुंद हलवत जाड थर भरले असतील तर आधी ते थांबवा. सरळ, बारीक बीड (वेल्डच्या ओळी) घातले की पुढचा थर मागच्याचे दाणे बारीक करतो. इंटरपास, म्हणजे पुढचा थर घालण्याआधीचं तापमान, २०० अंशांच्या आत.

मकरपुरा_फॅब: धन्यवाद दादा. निकेलवाला ई८०१८-सी१ घेतला तर? त्याची चाचणी भट्टीनंतरचीच असते ना?

टेंपर_कलर: हो, आणि उणे ५९ला. पण व्हेसलमध्ये हायड्रोजन सल्फाइड येणार असेल तर सी१ नकोच. त्यात निकेल अडीच टक्क्यांच्या आसपास, आणि सावर सर्व्हिसला (हायड्रोजन सल्फाइड असलेल्या कामाला) मर्यादा १ टक्का. क्लायंटला आधी विचारा.

क्यूडब्ल्यू४०७: एक राहिलं. प्रोसिजरच्या चाचणी तुकड्याचा भट्टीतला वेळ जॉबच्या एकूण वेळेच्या किमान ८० टक्के लागतो. दुरुस्तीनंतर जॉब पुन्हा भट्टीत गेला तर तो वेळही धरायचा. दोन दुरुस्त्यांची शक्यता असेल तर तुकडा आत्ताच साडेचार तास (तीनदा दीड तास) ठेवा, नाहीतर नंतर नवी पीक्यूआर (प्रोसिजर चाचणीची नोंद).